फिट, उजेड आणि आजोबांची लॅसिक्स

प्रश्न: माझ्या 19 वर्षांच्या धाकट्या भावाला सहा वर्षांपासून फिट्स येतात. दोन औषधं चालू आहेत, तरी महिन्यातून दोन-तीन वेळा येतेच. मी एम.एस्सी. करते. वाचता वाचता डॅरिल हॉकमन या न्यूरोसायंटिस्टचं काम समोर आलं. मेंदूवर उजेड टाकून त्यांनी फिट कॅमेऱ्यात पकडली आणि लघवीच्या औषधाने ती थांबवली, असं वाचलं. हे खरं आहे का? खरं असेल तर पुढे त्याचं काय झालं? आमचे आजोबा रोज लॅसिक्स ही लघवीची गोळी घेतात, म्हणून विचारते.

उत्तर:

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण गोळ्यांची ती पट्टी आत्ता तुमच्या घरात आहे. भावाला लॅसिक्स देऊ नका. अर्धीही नको आणि 'बघू तरी' म्हणूनही नको. लॅसिक्सने लघवीवाटे पाण्याबरोबर सोडियमही जातं. रक्तातलं सोडियम फार उतरलं, तर ज्याला आयुष्यात कधी फिट आलेली नाही अशा माणसालाही ती येऊ शकते. भावाच्या दोन औषधांत कार्बामाझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिन असेल, तर त्याचं सोडियम आधीच खालच्या बाजूला असण्याची शक्यता आहे. त्यावर लॅसिक्स म्हणजे उताराला लागलेल्या गाडीला मागून धक्का.

मग लॅसिक्समधल्या त्याच औषधाने, म्हणजे फ्युरोसेमाइडने, फिट थांबते असं 1995 साली 'सायन्स'सारख्या नियतकालिकात कसं छापून आलं? तेही खरं आहे. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे समजलं की हॉकमनचं काम समजतं. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

उजेडाने मेंदू 'दिसतो' म्हणजे काय, ते आधी. कोविडच्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर आला. बोटाला लावायच्या त्या चिमट्यात दोन दिवे असतात, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजन असलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन दिलेलं, म्हणजे रिकामं झालेलं हिमोग्लोबिन हे दोन्ही दिवे वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. त्या फरकावरून यंत्र आकडा काढतं. आता बोटाऐवजी मेंदूचा उघडा पृष्ठभाग आणि चिमट्याऐवजी वर टांगलेला कॅमेरा अशी कल्पना करा. 570 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या उजेडात दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन जवळपास सारखंच शोषण करतं, त्यामुळे तिथे किती रक्त आलं ते कळतं. 610 च्या आसपास रिकामं हिमोग्लोबिन जास्त शोषण करतं, म्हणून ऑक्सिजन किती खर्च झाला ते कळतं. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथलं रक्त बदलतं आणि म्हणून तिथला रंग किंचित बदलतो. हा बदल हजारात एक ते शंभरात एक इतकाच असतो, डोळ्यांना दिसत नाही. आधीचं आणि नंतरचं चित्र वजा केलं की उमटतो. फिटमध्ये मात्र तो पुष्कळ मोठा होतो.

तो कधीकधी नुसत्या डोळ्यांनाही दिसतो, हे मॉन्ट्रियलच्या वाइल्डर पेनफिल्ड यांनी 1930 च्या दशकात नोंदवून ठेवलं होतं. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रुग्णाला फिट आली, तेव्हा उघड्या मेंदूवरच्या शिरांमधलं एरवी काळपट असणारं रक्त लालभडक झालेलं त्यांनी पाहिलं.

रक्ताशिवायही उजेड बदलतो, आणि हा दुसरा प्रकार पुढे महत्त्वाचा ठरला. 1949 साली हिल आणि कीन्स यांनी खेकड्याच्या नसेला विजेचे झटके दिले, तेव्हा नसेची अपारदर्शकता बदलते असं त्यांना आढळलं. तिथे रक्ताचा प्रश्नच नव्हता. पेशी पाणी ओढून फुगल्या की त्यांच्यातून उजेड कमी विखुरतो आणि आरपार जास्त जातो. दाट दुधात पाणी घातलं की पेल्यापलीकडचं अंधुक दिसू लागतं, साधारण तसंच. 1986 मध्ये अमिराम ग्रिनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी जिवंत प्राण्याच्या कॉर्टेक्सवर, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरावर, कोणताही रंग न टाकता, केवळ अशा आतल्या बदलांवरून मेंदूचे कार्यनकाशे काढून दाखवले. तिथून या क्षेत्राला वेग आला.

हे सगळं माणसाच्या मेंदूवर, तेही अपस्मारासाठी, पहिल्यांदा नीट करून दाखवलं ते सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात. 1992 च्या 'नेचर'मधल्या त्या शोधनिबंधावर तीन नावं आहेत: मायकेल हॅग्लंड, जॉर्ज ओजेमन आणि डॅरिल हॉकमन. पहिले दोघे न्यूरोसर्जन. ओजेमन तर जागेपणी करायच्या शस्त्रक्रियेतले दादा माणूस. अशा शस्त्रक्रियेत डोक्याची कातडी बधिर करून कवटी उघडतात, रुग्ण जागा असतो आणि बोलत असतो. खुद्द मेंदूला वेदना कळत नाही. सर्जन बारीक विद्युतप्रवाह देऊन बघतो की इथे हात लावला तर रुग्णाची भाषा अडखळते का. या तिघांनी त्याच वेळी वर कॅमेरा लावला. विद्युतप्रवाहाने कॉर्टेक्समध्ये फिटसारखी थोडा वेळ टिकणारी विद्युत हालचाल उठवली, तेव्हा प्रकाशातला बदल तिच्या जोराबरोबर वाढताना दिसला, आणि ती शमली की तोही शमला. रुग्णाला चित्रातल्या वस्तूंची नावं सांगायला लावली तर भाषेच्या भागात बदल उमटला. नुसती जीभ हलवायला सांगितली तर दुसरीकडे.

इथे सर्जन काय बघतो ते सांगायला हवं, नाहीतर याचं मोल कळणार नाही. आमच्याकडे मेंदूवर इलेक्ट्रोडची पट्टी ठेवतात तेव्हा दोन इलेक्ट्रोडमध्ये साधारण सेंटिमीटरभर अंतर असतं. म्हणजे गावाचा नकाशा फक्त विजेच्या खांबांवरून काढायचा. कॅमेरा मधली घरंही दाखवतो, मिलिमीटरपेक्षा बारीक. 'इथपासून इथपर्यंत काढा, हे सोडा' असं ठरवताना तो फरक रुग्णाच्या उरलेल्या आयुष्याचा असतो.

एवढं असूनही आज, तीसहून अधिक वर्षांनी, तुमच्या भावाला कोणत्याही केंद्रात नेलं तरी त्याच्या तपासण्यांच्या यादीत हा कॅमेरा बहुधा नसेल. कारणं सरळ आहेत. दिसणारा उजेड मेंदूत मिलिमीटरभरही धड आत जात नाही. कॉर्टेक्सचा अर्ध्याहून जास्त भाग घड्यांच्या आत लपलेला असतो, तो दिसत नाही. मोठ्यांमधल्या औषधाला न जुमानणाऱ्या अपस्मारात वारंवार दोषी ठरणारा हिपोकॅम्पस हा मेंदूचा भाग तर पार खोलवर, कानाच्या आतल्या बाजूला. शिवाय मेंदू नाडीबरोबर आणि श्वासाबरोबर हलत राहतो, त्यामुळे चित्रं संगणकाने एकमेकांवर बसवावी लागतात. कवटी उघडी असते तो तास-दोन तासांचा वेळ, आणि त्यात फिट आपल्या सोयीने येत नाही. बरं, विद्युतप्रवाहाने मुद्दाम उठवलेली हालचाल म्हणजे रुग्णाची खरी फिट नव्हे. तोपर्यंत एमआरआय, पेट स्कॅन आणि कवटीत बारीक छिद्रांतून सुयांसारखे इलेक्ट्रोड खोल सोडण्याची पद्धत पुष्कळ पुढे गेली. माझं मत विचाराल तर नकाशा काढण्याचं साधन म्हणून या पद्धतीने जेवढी आशा लावली होती तेवढी ती फळली नाही.

पण हॉकमनच्या कामाचा गाभा मला नकाशात दिसतच नाही. तो 1995 च्या निबंधात आहे. हॉकमन, बॅराबन, ओवेन्स आणि श्वार्ट्झक्रॉइन यांच्या त्या निबंधाच्या नावाचा अर्थच सांगतो: फ्युरोसेमाइडने फिट रोखताना 'एकतालता' आणि 'उत्तेजितता' या दोन गोष्टींची झालेली फारकत. विद्यार्थी म्हणून तुम्ही हा निबंध मुळातून वाचा. फार लांब नाही.

मी ओपीडीत 'मेंदूत शॉर्टसर्किट होतं' हे वाक्य हजारदा वापरलं असेल. नातेवाइकांना ते पटतं आणि चर्चा संपते. त्या वाक्यात गृहीत असतं की पेशी भडकल्या, जास्त पेटल्या. आमची बहुतेक औषधंही तेच गृहीत धरतात: फेनिटॉइन, कार्बामाझेपिन सोडियमची दारं आवळतात, क्लोबाझाम गॅबा या पेशींना शांत करणाऱ्या रसायनाचा ब्रेक जोरात दाबतं, लेव्हेटिरासेटाम पेशीपेशींमधल्या रासायनिक निरोपांवर हात ठेवतं. सगळ्यांचा सूर एकच: पेशींना गप्प करा. मग त्या गप्प झाल्या की माणूसही थोडा मंद होतो, झोपाळतो, चिडतो. तुमच्या भावाच्या बाबतीत तुम्ही हे पाहिलं असेलच.

पण फिट म्हणजे फक्त भडकणं आहे का? पुण्यातल्या ढोल-ताशा पथकाचा विचार करा. पन्नास जण आपापल्या मनाने, आपापल्या वेगाने ढोल बडवत असतील तर गोंगाट होईल, पण खिडकीच्या काचा हलणार नाहीत. तेच पन्नास जण एका ठेक्यावर आले की छातीत धडधड होते. कोणी जास्त जोरात वाजवलेलं नसतं. ते एकत्र वाजवतात, इतकंच. फिटमध्ये हजारो पेशी अशा एका ठेक्यावर येतात. आणि पथक पेठेतल्या अरुंद बोळात शिरलं की ठेका आणखी घट्ट बसतो, कारण प्रत्येकाच्या अंगावर दुसऱ्याचा ठोका आदळतो. मोकळ्या मैदानावर तोच ठेका सांडतो.

मेंदूतला बोळ म्हणजे पेशींच्या मधली जागा. मेंदूच्या आकारमानाचा सुमारे एक पंचमांश भाग हा पेशींबाहेरचा, खारट पाण्याने भरलेला असतो. चेतापेशी वेगाने पेटू लागल्या की पोटॅशियम बाहेर या जागेत साठतं. शेजारच्या ग्लिया पेशी, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी, ते उचलतात, त्याबरोबर क्लोराइड ओढतात आणि क्लोराइडमागोमाग पाणी. ग्लिया फुगतात, बोळ अरुंद होतो. अरुंद बोळात पोटॅशियमची तीव्रता आणखी चढते आणि एका पेशीच्या विद्युतक्षेत्राचा परिणाम शेजारणीवर थेट होऊ लागतो. मध्ये रासायनिक निरोप असो वा नसो. ठेका घट्ट बसतो.

फ्युरोसेमाइड नेमकं तिथे काम करतं. मूत्रपिंडात ते क्लोराइड आणि सोडियम-पोटॅशियम एकत्र वाहून नेणारी दारं अडवतं, म्हणून लघवी होते. तशीच दारं मेंदूच्या पेशींवरही आहेत. हॉकमन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या हिपोकॅम्पसचे पातळ काप जिवंत ठेवून, वेगवेगळ्या युक्त्यांनी त्यांत फिटसारखी हालचाल उठवली. काही प्रयोगांत द्रवातलं कॅल्शियम काढून टाकलं होतं, म्हणजे पेशीपेशींमधले रासायनिक निरोप बंदच. तरीही पेशी एकतालात पेटत राहतात हे 1982 पासून माहीत होतं. या सगळ्या प्रकारांवर फ्युरोसेमाइड टाकलं तर फिटसारखी हालचाल विरून गेली. आणि, यात सगळी गंमत आहे, कापाला विजेचा एक ठोका दिला तर पेशी पूर्वीइतक्याच, कधी जास्तच, जोरात उत्तर देत होत्या. म्हणजे ढोल फुटले नव्हते, वाजवणारे थकले नव्हते, ठेका तेवढा मोडला होता.

हे त्यांना सुचलं कशावरून, तर उजेडावरून. कापात रक्त नसतं. तिथे दिसणारा प्रकाशबदल म्हणजे पेशींचं फुगणं. फ्युरोसेमाइडने तो प्रकाशबदल रोखला गेला आणि फिटही. कॅमेरा फिट 'दाखवत' होता असं आपण समजत होतो, पण तो खरं तर फिटीच्या एका कारणाकडे बोट दाखवत होता. मोजण्याच्या साधनाला जे दिसतंय ते नेमकं कशामुळे दिसतंय हे विचारणारे लोक थोडे असतात. हॉकमन त्यांतले.

यात एक जुना धागाही आहे. 1930 च्या दशकात अपस्माराच्या रुग्णांचं पाणी तोडून उपचार करण्याचे प्रयोग झाले होते. रुग्णाला भरपूर पाणी पाजून आणि लघवी रोखणारं इंजेक्शन देऊन फिट आणता येते, हेही तेव्हा पाहिलं गेलं. पुढे नवी औषधं आली आणि तो विषय अडगळीत गेला. ॲसिटाझोलामाइड, ज्याला केमिस्ट डायमॉक्स म्हणून ओळखतात, हेही मूळचं लघवीचं औषध. 1950 च्या दशकापासून ते अपस्मारात वापरात आहे, आणि पाळीच्या आसपासच फिट येणाऱ्या काही बायकांना मी ते आजही देतो. त्याची काम करण्याची रीत मात्र वेगळी आहे. तेव्हा 'लघवीचं औषध म्हणजे फिटवर औषध' असा सरसकट निष्कर्ष काढू नका.

कापातून माणसापर्यंत यायला दहा वर्षं लागली. 2005 मध्ये हॅग्लंड आणि हॉकमन यांनी माणसावरचा अनुभव प्रसिद्ध केला. तोवर ते ड्यूक विद्यापीठात होते. जागेपणीच्या शस्त्रक्रियेत शिरेतून फ्युरोसेमाइड दिल्यावर, किंवा मॅनिटॉल दिल्यावर, विद्युतप्रवाहाने उठवलेली फिटसारखी हालचाल आणि आपोआप उठणारे टोकदार लहरींचे झटके दोन्ही दबले. मॅनिटॉल तुम्ही ऐकलं असेल. डोक्याला मार लागून मेंदूला सूज आली की आयसीयूत त्याची बाटली लावतात. ती एक साखरेसारखी वस्तू आहे, कोणत्याही दारावर जाऊन बसत नाही, नुसती पाणी ओढते. दोन इतक्या वेगळ्या वस्तूंनी एकच परिणाम व्हावा, हे 'जागे'च्या कल्पनेला चांगलं बळ देतं. त्याआधी 2001 मध्ये हेसडॉर्फर आणि सहकाऱ्यांनी मोठ्या वयाच्या लोकांच्या नोंदी तपासून, लघवीची काही औषधं घेणाऱ्यांत पहिली फिट येण्याचा धोका कमी दिसतो, असं दाखवलं होतं. त्यात फ्युरोसेमाइडही होतं. त्यावरून औषध लिहून द्यायचं नसतं, पण सुईचं तोंड एकाच दिशेला वळलेलं होतं एवढं खरं.

मग ही गोळी अपस्मारासाठी आली का नाही? फ्युरोसेमाइड रक्तातून मेंदूत फारच थोडं शिरतं. ते वाढवायला मात्रा वाढवली तर लघवी, सोडियम, पोटॅशियम, कान, सगळंच धोक्यात येतं. त्याची स्वतंत्र मक्तेदारी कुणाकडे नसल्यामुळे कोट्यवधी खर्चून मोठी चाचणी करण्यात कंपन्यांना फायदा दिसत नाही. आणि शास्त्रीय वादही आहे: फ्युरोसेमाइड एकाच प्रकारच्या दारावर काम करत नाही. ते क्लोराइड आत आणणारं दारही अडवतं आणि बाहेर काढणारंही, त्यामुळे परिणामाचं सगळं श्रेय बोळ रुंद होण्याला द्यायचं का, यावर दुमत आहे. मला स्वतःला बोळाची गोष्ट पटते, पण ती एकटी पुरते असं म्हणवत नाही.

या कल्पनेचा एक फाटा नवजात बाळांपर्यंत गेला, आणि तिथे हात पोळले. बाळाच्या मेंदूत क्लोराइड आत आणणारं दार जास्त चालू असतं, त्यामुळे गॅबा शांत करण्याऐवजी पेशींना उलटा उत्तेजित करू शकतो, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं. फ्युरोसेमाइडचं भावंड असलेलं ब्युमेटानाइड हे दार जास्त नेमकेपणाने अडवतं. म्हणून युरोपात नवजात बाळांच्या फिटवर त्याची चाचणी घेतली. 2015 मध्ये तिचा निकाल आला. 14 बाळांवरच ती थांबवावी लागली होती. उपयोग झाल्याचा भक्कम पुरावा नव्हता आणि वाचलेल्या 11 पैकी तिघांच्या श्रवणाला इजा झालेली आढळली. पुढे 2021 मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या, तुलनेसाठी गट असलेल्या चाचणीत फिटचं प्रमाण जास्त घटलेलं दिसलं, पण सुरक्षिततेची शंका तिथेही पूर्ण मिटली नाही. कापात सुंदर चाललेली गोष्ट पाळण्यातल्या बाळापर्यंत नेताना काय काय आडवं येतं, हे मी आमच्या रेसिडेंट डॉक्टरांना याच उदाहरणाने शिकवतो.

उजेडाची दुसरी शाखा न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमध्ये थिओडोर श्वार्ट्झ यांनी पुढे नेली. 2001 मध्ये श्वार्ट्झ आणि टोबियस बॉनहॉफर यांनी फेरेट या मुंगसासारख्या प्राण्याच्या कॉर्टेक्सवर दाखवलं की फिटच्या केंद्राभोवती एक दडपलेलं कडं असतं, जिथे प्रकाशबदल उलट्या दिशेचा असतो आणि पेशी शांत असतात. आग लागली की भोवती आपोआप ओल्या पोत्यांची रांग लागावी तसं. फिट पसरते ती हे कडं मोडल्यावर. पुढे त्यांच्या गटाने हेही दाखवलं की फिटच्या जागी रक्तपुरवठा धावून येतो खरा, पण मागणी त्याहून जास्त असते, निदान सुरुवातीला, आणि पेशींना ऑक्सिजनची तूट सोसावी लागते. 2007 मध्ये त्यांनी माणसाच्या उघड्या मेंदूवरच्या मोजक्या नोंदींतून फिट सुरू होण्याच्या आधीच तिथलं रक्त बदलू लागतं असं दाखवलं. माझ्या रोजच्या कामात हे कुठे येतं? फिट सुरू झाल्याबरोबर इंजेक्शन देऊन आम्ही रक्तप्रवाहाचा जो स्कॅन काढतो, त्यात कुठला भाग का पेटलेला दिसतो आणि इंजेक्शनला अर्धा मिनिट उशीर झाला तर चित्र का फसवतं, हे समजायला. स्कॅन वाचणाऱ्याच्या डोक्यात ही सगळी कामं असतात, अहवालात त्यांचं नाव नसतं.

कवटी न उघडता उजेड वापरायचा प्रकारही आहे. अवरक्त उजेड कवटीतून जातो, हे फ्रान्स यॉब्सिस यांनी 1977 मध्ये दाखवलं. आता टोपीत दिवे आणि ग्राहक बसवून, सोबत ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख घेऊन, अपस्मारावर काम होतं. मॉन्ट्रियलमध्ये यावर बरंच झालं आहे. उजेड कॉर्टेक्सच्या वरच्या थरापर्यंतच पोहोचतो. आपल्याकडची आणखी एक अडचण परदेशी निबंधांत फारशी वाचायला मिळत नाही: दाट काळे केस उजेड गिळतात. ईईजीला 'डोक्याला तेल लावून येऊ नका' म्हणून सांगितलं तरी निम्मे रुग्ण चप्पचप्पीत येतात. या टोपीखाली तर एकेक दिव्यासाठी केसांचा भांग पाडत बसावं लागतं. तुम्हाला या विषयात काम करायचं असेल तर यंत्रापेक्षा आधी या असल्या गोष्टी सोडवायच्या आहेत, याची तयारी ठेवा.

'त्याचं पुढे काय झालं' असं तुम्ही विचारलंत. गोळी आली नाही. शस्त्रक्रियेत कॅमेरा नेहमीचा झाला नाही. पण फिट ही केवळ चेतापेशींची आणि त्यांच्या निरोपांची बाब नाही, पेशींमधली जागा, ग्लिया आणि पाणी यांचाही त्यात वाटा आहे, हे आज अपस्मारावर काम करणारा माणूस गृहीत धरून चालतो, आणि त्यात 1995 च्या त्या चार जणांचा मोठा हात आहे. उत्तेजितता न दाबता एकतालता मोडणारं औषध मिळालं, तर माणूस मंद न होता फिट थांबेल, ही आशा त्यांनी टेबलावर ठेवली. ती अजून तिथेच आहे.

आता भाऊ. तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट लॅसिक्स नाही, 'सहा वर्षं' ही आहे. ग्लासगोच्या क्वान आणि ब्रॉडी यांनी 2000 साली 470 नव्या रुग्णांचा हिशेब मांडला होता. पहिल्या औषधाने 47 टक्के लोक फिटमुक्त झाले, दुसऱ्याने आणखी 13 टक्के, आणि त्यापुढे तिसरं औषध किंवा दोन औषधांची जोडी मिळून फक्त 4 टक्के. म्हणून दोन योग्य औषधं पुरेशा मात्रेत देऊनही फिट थांबत नसेल तर त्याला औषधाला न जुमानणारा अपस्मार म्हणतात, आणि तिसरं, चौथं, पाचवं औषध बदलत वर्षं घालवायची नसतात. रुग्णाला अपस्मार शस्त्रक्रियेच्या केंद्रात तपासायला पाठवायचं असतं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत हे काम 1995 पासून चालतं, दिल्लीच्या एम्समध्ये चालतं, मुंबई-पुण्यातही होतं. कॅनडात 2001 मध्ये टेम्पोरल लोबच्या, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागातल्या, अपस्मारावर 80 जणांची चाचणी झाली: वर्षानंतर शुद्ध हरपणाऱ्या फिटपासून शस्त्रक्रियेच्या गटात 58 टक्के मोकळे, औषधांच्या गटात 8 टक्के. एम्समध्ये 18 वर्षांपर्यंतच्या 116 मुलांवर झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर 77 विरुद्ध 7. प्रत्येकाची शस्त्रक्रिया होत नाही, होऊही नये. पण आपला रुग्ण त्यात बसतो की नाही हे कुणी विचारलंच नाही, असं सहा वर्षांनंतर कळणं मला फार वेळा ऐकावं लागतं.

तिथे जाण्याआधी स्थानिक डॉक्टरांकडून तीन गोष्टी पक्क्या करून घ्या. त्या फिट अपस्माराच्याच आहेत ना, कारण चक्कर येऊन पडणं आणि मानसिक ताणातून येणारे झटके हुबेहूब फिटसारखे दिसतात. औषध रोज, वेळेवर, पूर्ण मात्रेत घेतलं जातंय ना. 19 वर्षांचा मुलगा हॉस्टेलवर असेल तर हे त्याला रागावून विचारू नका, मित्रासारखं विचारा. आणि एमआरआय अपस्मारासाठीच्या खास पद्धतीने काढला आहे का; साध्या एमआरआयमध्ये 'नॉर्मल' आलेला बारीक व्रण त्यात कधीकधी सापडतो.

पुढच्या फिटला कांदा किंवा चप्पल शोधायला धावू नका, तोंडात काही कोंबू नका. त्याला कुशीवर वळवा, घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका बोलवा. दुसऱ्या कुणाला तरी मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा, पहिल्या सेकंदापासून, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा. केंद्रात गेल्यावर तुमच्या फाइलमधल्या अर्ध्या कागदांपेक्षा तो व्हिडिओ जास्त बोलेल. जुने सगळे एमआरआय सीडीसकट न्या, नुसता अहवाल नको. आधी घेतलेल्या प्रत्येक औषधाचं नाव, मात्रा आणि ते का बंद केलं हे एका कागदावर लिहून ठेवा. आणि त्या दिवशी डोक्याला तेल नको.

आजोबांची पट्टी त्यांच्याच डब्यात, वेगळ्या खणात ठेवा.